भावाला थेंब, मला लेझर: काचबिंदूचा उपचार माणसागणिक का बदलतो?

काचबिंदू म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकत जाण्याचा आजार. उपचारात डोळ्याच्या आतला दाब, म्हणजे प्रेशर, उतरवतात. त्याविषयी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: आजार एकच, मग शेजाऱ्याला वेगळे औषध आणि मला वेगळे, असे का? त्यातली काही पत्रे आणि त्यांना नेत्रतज्ज्ञांनी दिलेली उत्तरे येथे देत आहोत.

आम्ही दोघे सख्खे भाऊ. थोरल्याचे वय ६४, माझे ५९. दोघांनाही काचबिंदू निघाला. त्याचे प्रेशर २६ होते, त्याला रात्री एक थेंब सुरू केला. माझे २३ होते, तरी थेंब न देता दोन्ही डोळ्यांना लेझर केले. माझे प्रेशर कमी असताना माझ्यावर मोठा उपचार का? (सांगली)

लेझर म्हणजे मोठा उपचार आणि थेंब म्हणजे छोटा, ही समजूत आधी बाजूला ठेवा. तुमचा आजार भावापेक्षा बळावला म्हणून लेझर केले असे नाही. प्रेशर वाढण्याचे कारण दोघांत वेगळे असणार.

डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होते आणि सतत बाहेर जाते. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ते भिंगाच्या कडेला तयार होते, बाहुलीतून पुढे येते आणि समोरचा पारदर्शक कॉर्निया व रंगीत आयरिस जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळते. न्हाणीघरातला नळ चालू आहे आणि मोरीतून पाणी जात नाही, असे दोन कारणांनी होते: जाळीच आतून चोंदलेली असते, किंवा जाळी चांगली असून तिच्यावर काहीतरी येऊन बसलेले असते. पहिल्या प्रकाराला ओपन अँगल म्हणतात. त्यात कोन उघडा असतो, पण जाळीतून पाणी नीट झिरपत नाही. दुसऱ्यात आयरिस पुढे सरकून कोन झाकून टाकते. तो अँगल क्लोजर. हा दुसरा प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा आपल्याकडे आणि पूर्व आशियात बराच जास्त आढळतो. आखूड डोळा, प्लस नंबरचा चष्मा, चाळिशी-पन्नाशीनंतर जाड होत जाणारे भिंग ही त्याची पार्श्वभूमी. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक दिसतो.

भावाचा कोन उघडा असेल, तर पाण्याचा निचरा वाढवणारा रात्रीचा थेंब हा योग्य आरंभ आहे. तुमचा कोन अरुंद असेल, तर आधी आयरिस मागे सरकायला हवी. त्यासाठी याग लेझरने आयरिसच्या कडेला, बहुधा वरच्या बाजूला, एक सूक्ष्म छिद्र पाडतात. त्याला इरिडोटॉमी म्हणतात. मागे अडकलेल्या पाण्याला आडवाट मिळते, आयरिसवरचा मागचा दाब उतरतो आणि कोन रुंदावतो. छिद्र पाडायला काही मिनिटे लागतात. त्यानंतर तासाभरात प्रेशर तात्पुरते चढू शकते, म्हणून थोडा वेळ थांबवून ते पुन्हा मोजतात. आठवडाभर सूज उतरवणारे थेंब देतात. ते ठरलेल्या दिवशी बंद करायचे असतात. क्वचित कुणाला दिव्याकडे पाहताना प्रकाशाची बारीक रेघ दिसू लागते.

हे कुणी आणि कसे ठरवले? कोन नुसत्या टॉर्चने कळत नाही. बधिर करणारा थेंब टाकून, छोटे आरसे बसवलेली काच डोळ्याला टेकवून, अंधाऱ्या खोलीत तो बघावा लागतो. ही गोनिओस्कोपी. दोन-चार मिनिटांचे काम आहे, पण गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते. कोन न बघता वर्षानुवर्षे थेंब चालू ठेवणे आम्हाला अजिबात मान्य नाही. अरुंद कोनावर आयरिस चिकटत जाते आणि थेंबांमुळे प्रेशर काही काळ ठीक दिसत राहते. जाळी कायमची चिकटून बंद झाली, की छिद्र पाडूनही उपयोग नसतो.

तुमच्यासाठी एक सूचना. छिद्र पडले म्हणून काम संपले, असे समजू नका. कोनाचा काही भाग आधीच चिकटलेला असेल तर पुढे थेंब लागतीलच. शिवाय जाड झालेले भिंगच आयरिसला पुढे ढकलत असेल, तर मोतीबिंदूचे ऑपरेशन लवकर करायचा सल्ला मिळू शकतो. पन्नाशीपुढच्या, अँगल क्लोजरमुळे प्रेशर फार चढलेल्या किंवा काचबिंदू झालेल्या रुग्णांत भिंग काढल्याने छिद्रापेक्षा चांगला परिणाम मिळतो, हे २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईगल या चाचणीने दाखवले आहे. तेव्हा ‘आधी लेझर सांगितले, आता ऑपरेशन सांगतात’ म्हणून डॉक्टरांवर शंका घेऊ नका.

आणि एका डोळ्यात अचानक ठणका, डोके फुटल्यासारखे दुखणे, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलये असे काही कुणालाही झाले, तर ते पित्त किंवा अर्धशिशी समजून घरी झोपून राहू नये. अशा झटक्यात प्रेशर ५०-६०पर्यंत जाते. काही तासांतच उपचार मिळायला हवेत.

आईचे (वय ७१) प्रेशर १६ आहे. रिपोर्टवर ‘नॉर्मल १० ते २१’ असे छापलेले असते. तरी डॉक्टरांनी दुसरा थेंब वाढवला. शेजारच्या काकांचे २५ आहे, त्यांना औषधच नाही, फक्त सहा महिन्यांनी बोलावले आहे. कोणाचे चुकते आहे? (ठाणे)

बहुधा कोणाचेच नाही. काचबिंदू हा प्रेशरचा नव्हे, डोळ्याच्या नसेचा आजार आहे. १० ते २१ मिलिमीटर (दाब पाऱ्याच्या उंचीत मोजतात) ही बहुसंख्य निरोगी लोकांत आढळणारी मर्यादा आहे. तुमच्या आईच्या नसेला किती सोसते, हे त्या छापील आकड्यावरून कळत नाही.

म्हणून प्रत्येक रुग्णासाठी, खरे तर प्रत्येक डोळ्यासाठी, एक लक्ष्य-प्रेशर ठरवतात. ते ठरवताना चार गोष्टी पाहतात: नस किती सुकली आहे, नुकसान किती वेगाने वाढते आहे, उपचारापूर्वी प्रेशर किती होते आणि रुग्णापुढे किती आयुष्य आहे. सुरुवातीच्या अवस्थेत मूळ प्रेशर २० ते ३० टक्के उतरले तरी बऱ्याचदा भागते. नस बरीच गेलेली असेल तर १२ ते १४च्या खाली आणावे लागते. आईचे मूळ प्रेशर १८ असेल आणि तेवढ्यावरच नस सुकत गेली असेल, तर १६ हा समाधान मानण्याजोगा आकडा नाही. नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूतही प्रेशर सुमारे ३० टक्क्यांनी उतरवल्यास नुकसान मंदावते, हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झाले आहे. स्वीडनमधल्या अभ्यासात तर एकेका मिलिमीटरला आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. दुसरा थेंब त्या दोन-तीन मिलिमीटरसाठी आहे.

आता काकांविषयी. नस शाबूत, ओसीटी (नसेचे स्कॅन) आणि फील्ड (नजरेचा पसारा मोजणारी, बटण दाबायची टेस्ट) चांगले, फक्त प्रेशर जास्त, याला ऑक्युलर हायपरटेन्शन म्हणतात. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २४ ते ३२ प्रेशर असलेल्या अशा लोकांपैकी औषध न घेतलेल्या ९.५ टक्के आणि घेतलेल्या ४.४ टक्के लोकांना पाच वर्षांत काचबिंदूची लक्षणे दिसली. याचा अर्थ औषधाने धोका निम्म्यावर येतो. पण औषध न घेताही दहातल्या नऊ जणांना त्या काळात काही झाले नाही. म्हणून ज्याचा धोका मोठा त्याला औषध, बाकीच्यांना नियमित तपासणी.

धोका मोजताना कॉर्नियाची जाडी पाहतात. प्रेशर मोजायचे यंत्र कॉर्नियावर दाब देऊनच आकडा काढते. कॉर्निया ५९० मायक्रॉन जाड असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, ४८०चा असेल तर कमी. काकांचा जाड असेल आणि आईचा पातळ, तर २५ आणि १६ यांतले खरे अंतर दिसते त्याहून कमी असेल. ही तपासणी, म्हणजे पॅकिमेट्री, मोठ्यांत एकदाच करावी लागते. मात्र चष्मा घालवायचे लेझर झाले असेल तर ते अवश्य सांगावे, कारण त्याने कॉर्निया पातळ झालेला असतो.

आईसाठी आणखी एक विचारून घ्या: रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना आहे का? रात्री रक्तदाब फार उतरला तर नसेचा रक्तपुरवठा घटतो. गोळी स्वतःहून बदलू नका, फिजिशियन आणि नेत्रतज्ज्ञ या दोघांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

बटण दाबायच्या टेस्टबद्दलही अनेकांनी विचारले आहे. पहिली फील्ड टेस्ट पुष्कळांची वाईट येते, कारण सवय नसते. एका वाईट फील्डवरून औषध वाढवत नाहीत. ती पुन्हा करून बघतात. नुकसानाचा वेग कळायचा तर पहिल्या दोन वर्षांत पाच-सहा फील्ड लागतात. ‘सारखी तीच टेस्ट करायला लावतात’ ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण वेग कळल्याशिवाय लक्ष्य नीट ठरत नाही.

बाबांना दमा आहे हे सांगितल्यावर डॉक्टरांनी लगेच थेंब बदलला. डोळ्यातल्या एका थेंबाचा दम्याशी काय संबंध? (नाशिक)

थेट संबंध आहे. डोळ्यात टाकलेले औषध आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात उतरते आणि नाकाच्या अस्तरातून सरळ रक्तात जाते. गोळीसारखे ते आधी यकृतातून जात नाही. प्रेशर उतरवणाऱ्या टिमोलॉल या औषधाचा थेंब असा रक्तात गेला की दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसू शकतात. नाडी मंद असलेल्यांची नाडी आणखी मंदावते. काही जणांना त्यामुळे चक्कर येते आणि तपासण्या भलत्याच होत राहतात. मधुमेहात साखर उतरल्यावर होणारी धडधड टिमोलॉलमुळे दबू शकते. बाबांना पूर्वी टिमोलॉल दिले असेल तर ते बदलणे बरोबरच होते. जोड-थेंबांतही ते लपलेले असते, तेव्हा नवी बाटली घेताना घटकद्रव्ये वाचा.

बाकीच्या थेंबांचेही आपापले स्वभाव आहेत. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट हे रात्री एकदाच टाकायचे असतात आणि प्रेशर २५ ते ३० टक्के उतरवतात. म्हणून सुरुवात बहुधा यांनीच होते. पण डोळे लाल होतात, पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची त्वचा काळवंडते. एकाच डोळ्यात टाकायचे असतील तर दोन डोळे वेगळे दिसू लागतात. डोळ्याला आतून सूज असेल तर ते शक्यतो टाळतात. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडे पडते आणि झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याला विचार करून द्यावे लागते. काही महिन्यांनी त्याची ॲलर्जीही होऊ शकते. तान्ह्या मुलांना ते देतच नाहीत. डॉर्झोलामाइड झोंबते आणि जिभेवर कडू चव येते. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे.

प्रेशर तातडीने उतरवण्यासाठी ॲसिटाझोलामाइडची गोळी देतात. बोटांना मुंग्या येणे हे तिचे नेहमीचे लक्षण, त्याने घाबरू नये. मात्र मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर सांगा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेल असलेल्यांनी या गोळीआधी ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण गोळीने रक्तातले आम्ल वाढते आणि पेशी वाकड्या होण्याला वाव मिळतो.

थेंब टाकायची रीत मात्र सगळ्यांना एकच. मान मागे, खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एक थेंब. दोन टाकू नका, डोळ्यात एकही पुरता मावत नाही. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटून, नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. औषध नाकात फारसे जात नाही आणि दमेकऱ्याला, हृदयरोग्याला याचा फार फायदा होतो. दुसरा थेंब किमान पाच मिनिटांनी, नाहीतर तो पहिल्याला धुऊन काढतो.

अडीच मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ७५ ते ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक टाकला आणि थोडा सांडला, तर बाटली महिनाभर पुरते. तुमची तीन महिने पुरत असेल तर थेंब चुकत आहेत, आणि दहा दिवसांत संपत असेल तर ते गालावर जात आहेत. बाटली दाबता येत नाही, हात थरथरतो, खर्च झेपत नाही, यातले काहीही असो, डॉक्टरांना सांगा. त्यावरूनही उपचार बदलतो. आपण औषध घेतो असे सांगायचे आणि घ्यायचे नाही, याने मोठा घोटाळा होतो: औषध लागू पडत नाही असे समजून दुसरे वाढवले जाते.

माझ्या मावशीला पहिल्याच भेटीत सरळ ऑपरेशन सांगितले. मामेबहिणीला मात्र ‘एसएलटी’ लेझर करून घरी पाठवले. मावशीला ऑपरेशननंतर नजरही वाढली नाही. (अकोला)

नजर वाढणार नव्हतीच, आणि हे ऑपरेशनआधी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. मोतीबिंदूत धूसर भिंग काढून नवे बसवतात, म्हणून दिसू लागते. काचबिंदूत सुकलेली नस परत येत नाही. थेंब, लेझर, ऑपरेशन, सगळे उरलेली नजर राखण्यासाठी असते.

एसएलटी हे इरिडोटॉमीपेक्षा वेगळे लेझर आहे. ते उघड्या कोनातल्या जाळीवर करतात. ब्रिटनमधल्या २०१९च्या लाइट चाचणीत सुरुवातीलाच हे लेझर केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षे थेंबांशिवाय ठेवता आले. थेंब विसरणाऱ्या, नियमित विकत घेणे कठीण जाणाऱ्या रुग्णांसाठी ही फार चांगली सोय आहे. परिणाम हळूहळू ओसरतो आणि लेझर पुन्हा करता येते. पण कोन चिकटलेला असेल तर ते करता येत नाही, आणि नस शेवटच्या टप्प्यावर असेल तर ते पुरे पडत नाही.

मावशींचा आजार तपासणीच्या वेळीच फार पुढे गेलेला असणार. अशा वेळी एक-एक थेंब वाढवत सहा महिने घालवणे धोक्याचे असते. ट्रॅबेक्युलेक्टॉमी या काचबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडप करून पाण्याला नवी वाट देतात. ते वरच्या पापणीखाली पांढऱ्या अस्तरात फुगवट्यासारखे साठते आणि शोषले जाते. ब्रिटनमध्ये प्रगत काचबिंदूवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी ऑपरेशनच्या गटाचे सरासरी प्रेशर सुमारे १२ होते, थेंबांच्या गटाचे १५.

बिघडते ते असे. शरीर या वाटेला जखम समजते आणि ती भरून काढू पाहते. म्हणून ऑपरेशनच्या वेळी जखम भरणे रोखणारे मायटोमायसिन हे औषध लावतात आणि पहिल्या महिन्या-दीड महिन्यात वारंवार बोलावून टाके सैल करतात. या भेटी चुकल्या की चांगले झालेले ऑपरेशनही वाया जाते. उलट पाणी जास्त वाहिले तर प्रेशर फार उतरते आणि नजर अंधुक होते. तिसरा धोका जन्मभराचा: फुगवट्यातून जंतू आत शिरू शकतात. मावशींचा तो डोळा दहा वर्षांनीही लाल झाला, चिकट स्राव आला किंवा दुखला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. डोळा चोळायचा नाही. शेतात, धुळीत जाताना गॉगल हवाच.

आधीच ऑपरेशन फसलेले असेल किंवा मधुमेहामुळे आयरिसवर नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील, तर झडपेऐवजी नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेल्या आडी या नळीमुळे हा उपचार आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या आवाक्यात आला आहे. मधुमेही रुग्णात आधी पडद्याचे लेझर किंवा इंजेक्शन लागते. त्या वाहिन्या जिरल्याशिवाय प्रेशर आटोक्यात राहत नाही.

मुलाला (वय ९) दर उन्हाळ्यात डोळ्यांना खूप खाज येते. मेडिकलमधून आणलेल्या थेंबाने लगेच आराम पडतो. चालेल ना? (सोलापूर)

बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेले असेल तर चालणार नाही. हे स्टेरॉइड आहेत. काही आठवडे वापरले तर दर तिघांपैकी साधारण एकाचे प्रेशर चढते आणि मुलांत ते लवकर व जास्त चढते. दुखत नाही, लाल होत नाही, खाज तर थांबलेली असते. दहावी-बारावीत फळ्यावरचे दिसेनासे होते तेव्हा नस बरीच गेलेली असते. यात उपचाराचा पहिला भाग म्हणजे तो थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करणे आणि खाजेसाठी ॲलर्जीचे दुसरे औषध घेणे. या आठवड्यातच मुलाचे प्रेशर मोजून घ्या. जुनी बाटली बरोबर न्या, फेकू नका.

शीर्षासन आणि पहाटेचे उषःपान चालू ठेवू का? (पणजी)

शीर्षासन बंद करा. त्यात प्रेशर दुपटीच्या आसपास जाते, असे भारतातच झालेल्या मोजणीत दिसले आहे. सर्वांगासन आणि डोके खाली राहणारी इतर आसनेही टाळा. चालणे, सूर्यनमस्काराऐवजी उभ्या-बैठ्या आसनांचा सराव उत्तम. पाणी भरपूर प्या, पण लिटरभर एका दमात नको. पूर्वी प्रेशर किती चढते हे पाहायला मुद्दाम तसेच पाणी पाजून तपासणी करत. तेच पाणी अर्ध्या-पाऊण तासात थोडे थोडे घ्या.

दोन डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले. तिसऱ्याकडे जाताना काय न्यावे? आणि मुलांनीही तपासावे का? (पुणे)

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे उपचार सुरू होण्यापूर्वीचे प्रेशर लिहिलेली पहिली चिठ्ठी. ती नसेल तर लक्ष्य ठरवणे अंदाजाने होते. त्याबरोबर गोनिओस्कोपीची नोंद, कॉर्नियाची जाडी, नसेचा फोटो किंवा ओसीटी, आणि आजवरच्या सगळ्या फील्ड टेस्ट, फक्त शेवटची नव्हे. चालू थेंबांच्या बाटल्या न्या आणि त्या दिवशीचे थेंब नेहमीप्रमाणे टाकूनच जा. कुणी ‘कोन पाहिला का’ याचे उत्तर देऊ शकले नाही, तर ती तपासणी झाल्याशिवाय दोन सल्ल्यांतला एक निवडू नका.

मुलांनी आणि सख्ख्या भावंडांनी तपासावेच. त्यांचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. चाळिशीनंतर दर एक-दोन वर्षांनी, तरुणपणी मोठा मायनस नंबर असेल तर त्याआधीच. चष्म्याच्या दुकानातली नंबरची तपासणी यात धरू नका. प्रेशर, नस आणि कोन या तिन्हींची नोंद कागदावर घेऊनच बाहेर पडा.